हणमंतआबांची दाढी

धानोऱ्यात शनिवारी कुणी दाढीला बसत नाही. मारुतीचा वार. एरवी गावात मारुतीला विचारून कोणी काही करतं असं नाही, पण तोंडाला वस्तरा लावायचा म्हटलं की सगळे भाविक होतात. त्यामुळं व्यंकट वारीकच्या, म्हणजे गावच्या न्हाव्याच्या, घरी शनिवार हा धारेचा वार. दुपारची भांडी घासून झाली की केवळाबाई दाराला आतून कडी घालायची, न्हाणीजवळच्या उजेडात बसायची आणि धारेचा दगड ओला करायची.

कडी घालायला कारण होतं. गावच्या वारकाच्या वस्तऱ्याला त्याच्या बायकोनं धार लावायची, ही गोष्ट पंचक्रोशीत कुणी ऐकली नव्हती. व्यंकटनं तर सख्ख्या भावालाही त्या दगडाला हात लावू दिला नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी लातूरच्या डॉक्टरनं त्याचे डोळे तपासले आणि काचबिंदू म्हणून सांगितलं. गेली ती नजर परत येणार नाही, उरली ती थेंब टाकून सांभाळा, म्हणाला. उरली होती ती नळीतून बघावं एवढी. ताटातली भाकर दिसायची, शेजारची चटणी दिसायची नाही. रस्त्यात बाजूनं कुणी रामराम घातला तर त्याला कळायचं नाही, आणि लोक म्हणायचे, व्यंकटला आता शिंगं फुटली. धार बघायला लागते ती बारीक नजर तर साफच गेली. तेव्हापासून धार केवळाबाईची आणि हात व्यंकटचा, असा कारभार चालला होता. दोघांशिवाय कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

कळून चालणारही नव्हतं. डोळे गेलेल्या माणसापुढं नरडं कोण ठेवणार? व्यंकटची बोटं गावातली सगळी तोंडं ओळखत होती. कुणाच्या हनुवटीला खड्डा आहे, कुणाचा केस उलटा वळतो, कुणाच्या गालफडात दात नाही, हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं. डावा अंगठा पुढं पुढं सरकायचा, कातडी ताणायची आणि वस्तरा त्याच्या मागनं यायचा. दोन वर्षांत कुणाला ओरखडा आला नव्हता. पण हे लोकांना सांगून पटण्यातलं नव्हतं, हे केवळाबाईला पक्कं माहीत होतं.

त्या शनिवारी ती दगडावर पातं नेहमीपेक्षा सावकाश फिरवत होती. कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी सकाळी पारावर दोघा भावांची दाढी होती. म्हणजे दाढी एकाचीच, हणमंतआबांची. एक गाल व्यंकट करणार होता आणि एक गाल बालाजी.

बालाजी व्यंकटचा धाकटा भाऊ. केवळाबाई लग्न होऊन आली तेव्हा तो एवढासा होता. शेंबूड पुसायला वहिनी, भाकर कुस्करायला वहिनी. पुढं व्यंकटनंच त्याला वस्तरा धरायला शिकवला आणि स्वतःचे गाल पुढं केले. बालाजी मग नांदेडला गेला, एका सलूनमध्ये राबला, आणि गेल्या दसऱ्याला बायकोला, सुकन्याला, घेऊन परत आला. फाट्यावर त्यानं दुकान टाकलं. दोन आरसे, एक फिरती खुर्ची. आणि एक नवीन टूम काढली: दाढी वस्तऱ्यानं नाही, पातं घालायच्या मशीननं. जाडजूड स्टीलची मूठ, वर पात्याला जाळी. दर गिऱ्हाइकाला नवं पातं, जुनं त्याच्यादेखत मोडून टाकायचं. गावात लोक हसले. मशीन तर घरी ज्याचं त्यानं चालवायचं, त्याला वारीक कशाला? पण पोरं हसत हसत खुर्चीत बसली आणि तिथंच रमली.

तिथवर व्यंकटचं काही म्हणणं नव्हतं. पण वरली गल्ली त्याची होती. वरल्या गल्लीतली घरं अजून जुन्या रिवाजानं चालायची. वर्षभर व्यंकटनं घरी जाऊन दाढ्या करायच्या, जावळं काढायची, कुणी मेलं तर दहाव्याला नदीवर बसायचं, आणि ज्वारीची रास झाली की प्रत्येकानं त्याच्या पदरात धान्य घालायचं. आता माघ सरत आला होता. शिवारात ज्वारीची काढणी चालली होती. आणि बालाजीनं वरली गल्ली अर्धी मागितली.

"तुला खुर्ची हाय, मला घरं हायती," व्यंकट म्हणाला होता.

"खुर्चीत मानसं बसली तर खुर्ची, दादा. न्हाई तर लाकूड हाय ते," बालाजी म्हणाला होता.

त्या दिवसापासून दोघांच्या घरांमधली भिंत तेवढीच राहिली, पण तिच्या दोन्हीकडं बोलणं बंद झालं. सुकन्या गरोदर होती. तिच्या उलट्यांचा आवाज केवळाबाईला रोज सकाळी ऐकू यायचा. तिला उठून जावंसं वाटायचं. पण ती चुलीपुढून हलायची नाही, आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडायची.

पारावरची टूम सरपंचानं काढली. आदिनाथ सरपंच तरुण होता, त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची हौस होती. गुरुवारी वरल्या गल्लीची माणसं जमली असताना तो म्हणाला, "एका वस्तऱ्यानं साऱ्या गावाची तोंडं करायची, हे आता बरं न्हाई. कावीळ होती त्यानं."

"गरम पाण्यात घालतो की मी," व्यंकट म्हणाला. "तुरटी लावतो."

"अन् मशीनची दाढी सांजंला बोटाला टोचती," हणमंतआबा म्हणाले. आबा वरल्या गल्लीतले सगळ्यात वडीलधारे. पंचाहत्तरी उलटली होती, पण दाढी अशी की नव्या पात्यालाही दम लागावा. "वस्तऱ्याची दाढी दोन दिस ऱ्हाती. बोलायचं म्हून बोलायलास तू."

"मग बगू की," आदिनाथ म्हणाला. "तोंड तुमचं. एक गाल व्यंकटदादाचा, एक गाल बालाजीचा. ज्याचा गाल गुळगुळीत, वरली गल्ली त्याची. राशीच्या आदी निकाल लागू द्या."

लोकांना गंमत वाटली. भावाभावांना समोरासमोर उभं करून बघायची संधी कोण सोडतो? आबांनी हो म्हटलं. आबांनी हो म्हटल्यावर व्यंकटला नाही म्हणता आलं नाही.

"नाही म्हणायचं व्हतं," त्या रात्री जेवताना केवळाबाई म्हणाली.

"नाही म्हणलो असतो तर तितंच घरं गेली असती."

"अन् हात चुकला तर?"

"हात कामून चुकंल?" व्यंकट ताटात चाचपडत म्हणाला. "आबाची दाढी मी तीस वर्सं करायलो."

शनिवारी तिनं धार लावली ती जीव ओतून लावली. दगडावर, मग बारीक दगडावर, मग कातड्याच्या पट्ट्यावर. स्वतःच्या डोक्याचा केस उपटून पात्यावर टेकवला. केस आवाज न करता तुटला. तिनं वस्तरा कापडात गुंडाळून धोकटीत ठेवला आणि व्यंकटला सांगितलं, "झाली बगा. आता हिला हात लावू नका."

रविवारी पहाटे ती हापशावर पाण्याला गेली. गौरम्मा तिथं होती. गौरम्मा कर्नाटकातून या गावात दिलेली, तिचं घर अगदी पारासमोर. "अक्का, माझ्या ओसरीवर बस आज," ती म्हणाली. "तितनं समदं दिसतंय." केवळाबाईनं नको म्हणून मान हलवली. तिला तिथून काही बघायचं नव्हतं. तिला वाटत होतं, दिवस मावळावा आणि उद्याचा सोमवार उजाडावा.

घरी आली तर व्यंकट आवरून ओसरीवर बसला होता. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्याला धोकटी. त्याचे हात मांडीखाली दाबलेले होते. तिनं त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, पाणी तापवलं, तांब्या भरला आणि ती त्याच्या पुढं चालू लागली. गावातून जाताना ती नेहमी अशी दोन पावलं पुढं चालायची आणि वाटेत दगड आला की चप्पल जोरात घासायची. लोकांना वाटायचं, बाईला पाय ओढत चालायची खोड आहे.

पारावर माणसं दाटली होती. ऊन चढायला लागलं होतं. बायका गौरम्माच्या ओसरीवर. हणमंतआबा पारावरच्या लाकडी खुर्चीत बसले होते, गळ्याला पांढरं फडकं. त्यांनी मुद्दाम चार दिवसांची दाढी वाढवली होती. केवळाबाई तांब्या घेऊन पाराच्या पायरीशी थांबली. गरम पाणी द्यायचं निमित्त होतं म्हणून कुणी तिला ओसरीवर जा म्हटलं नाही.

"निकाल कोण देणार?" कुणीतरी विचारलं.

"धम्मानंद सर देतील," आदिनाथ म्हणाला. "ते कुणाचंच गिऱ्हाईक न्हाईत."

बौद्धवाड्यातले धम्मानंद सर उदगीरला शाळेत शिकवायचे. रविवारी गावी असायचे. ते पुढं आले, हातात कापसाचा पुंजका घेऊन. कापसाची कल्पना त्यांचीच. गालावरून कापूस फिरवायचा, केस उरला असेल तर तंतू अडकतो.

"सर, तुमी कुठं करता दाढी?" आबांनी सहज विचारलं.

"घरीच. मशीननं. वडीलही घरीच करायचे," सर म्हणाले. "आमच्या गल्लीत वस्तरा येत नव्हता आबा, म्हणून मशीन आमच्याकडं आधी आलं."

त्या काळी गावचा वारीक म्हणजे व्यंकटचा बाप. व्यंकट धोकटीचा बंद सोडत होता, तो तसाच थांबला. मग पुन्हा सोडू लागला. सरांनीही ते पुढं ताणलं नाही. ते आबांच्या शेजारी उभे राहिले.

आधी बालाजी. डावा गाल. त्यानं फेस चांगला घोटला, दाढी मऊ होऊ दिली, नवं पातं सगळ्यांना दाखवून मशीनमध्ये बसवलं. त्याचं काम झटपट होतं. वरून खाली, धू. वरून खाली, धू. जाळीमुळं पातं कातडीत शिरत नव्हतं. आबा डोळे मिटून बसले होते, त्यांच्या तोंडावर काही दुखल्याचं दिसलं नाही. जबड्याच्या हाडाशी त्याला तीनदा फिरवावं लागलं. गळ्याचा डावा भाग त्यानं अलगद काढला. रक्ताचा टिपूस नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

धम्मानंद सरांनी कापूस वरून खाली फिरवला. अडकला नाही. मग खालून वर फिरवला. जबड्याच्या हाडाशी एक तंतू अडकला, उन्हात लोंबत राहिला. सगळ्यांना दिसला.

"एक हाय," आबा म्हणाले. "म्हणलो नव्हतो?"

बालाजीनं कपाळावरचा घाम पुसला. त्यानं गौरम्माच्या ओसरीकडं बघितलं. तिथं सुकन्या पोटावर हात ठेवून बसली होती. केवळाबाईला एकदम वाटलं, आपण जिंकलो. वस्तरा हाडाशी जातो तिथं मशीन जात नाही, हे तिला ठाऊक होतं. आता फक्त व्यंकटनं रोजच्यासारखं करायचं होतं.

व्यंकट उठला. तांब्यातलं पाणी घेतलं, उजव्या गालाला फेस लावला. त्याची डाव्या हाताची बोटं आबांच्या तोंडावरून हळूहळू फिरली, कानापासून हनुवटीपर्यंत. लोकांना ती सवय वाटली. त्यानं वस्तरा उघडला आणि कानशिलाजवळ टेकवला.

पहिल्याच ओढीला केवळाबाईनं कान टवकारले.

तो आवाज तिच्या धारेचा नव्हता. चांगली धार दाढीवर बारीक, कोरडी, सलग वाजते. हा आवाज तुटक होता, मध्येच अडखळत होता. आबांच्या डोळ्याची कड आखडली. व्यंकटनं पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. गालावरचा फेस निघाला तिथं लाल लाल बारीक टिपके उमटले.

तिनं व्यंकटच्या हाताकडं बघितलं. त्याच्या उजव्या हाताच्या नखांत काळा चिखल होता. धारेच्या दगडाचा चिखल.

तिला सगळं कळलं. पहाटे ती हापशावर गेली तेव्हा याला स्वस्थ बसवलं नसणार. धोकटीतून वस्तरा काढला असेल, दगड ओला केला असेल, आणि तयार धारेवर पुन्हा धार लावली असेल. दिसत नसताना. तयार धारेला पुन्हा दगड लावला की कड कागदाएवढी पातळ होते आणि केसाला लागताच दुमडते. दुमडलेली धार केस कापत नाही, कातडीत घुसते. हे तिला व्यंकटनंच शिकवलं होतं, शिव्या देऊन देऊन शिकवलं होतं. आणि त्यालाच आज राहवलं नव्हतं.

"व्यंकट, ओढायलास तू," आबा दातावर दात दाबून म्हणाले.

"दाढी लई वाळली, आबा," व्यंकट म्हणाला. त्याच्या कानामागून घामाची धार निघाली होती. त्यालाही कळलं होतं. केवळाबाईला त्याच्या पाठीवरून कळलं की त्यालाही कळलं आहे. पण तो थांबणार नव्हता. सगळा गाव बघत असताना वस्तरा खाली ठेवणं म्हणजे वरली गल्ली देऊन टाकणं. त्यानं गाल संपवला. जबड्याच्या हाडावरून वस्तरा गेला तेव्हा आबांचे पाय खुर्चीखाली आवळले गेले.

आता गळा होता. आबांच्या गळ्याला उजव्या बाजूला भोवरा होता, केस चारी दिशांनी वळलेला. व्यंकटनं आबांची हनुवटी वर केली. अंगठा नरड्याच्या शेजारी टेकवला. वस्तरा उचलला.

केवळाबाई पायरी चढून पारावर गेली. बाईमाणूस पारावर चढत नाही, हे तिला चढल्यावर आठवलं.

"थांबा," ती म्हणाली.

व्यंकटचा हात हवेत राहिला. "घरला जा," तो हळू म्हणाला.

"वस्तरा द्या हिकडं."

"घरला जा म्हणलो न्हवं?"

तिनं त्याचं मनगट धरलं. वीस-पंचवीस माणसांसमोर तिनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याच्या बोटांतून वस्तरा काढून घेतला. त्यानं झटापट केली नाही.

"काय झालं वहिनी?" आदिनाथ पुढं आला.

"धार बिगडली," केवळाबाई म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "म्या लावली व्हती काल. जादा लागली. चूक माझी हाय."

मग मागून कुणीतरी हसलं. "बायकू धार लावती व्हय? अन् हा नुसता फिरवतो?"

"वरल्या गल्लीची दाढी केवळाबाईच करायली की मग," दुसरा म्हणाला. हशा पिकला. व्यंकट तोंड खाली घालून उभा होता. त्याच्या हाताला फेस लागलेला, तो पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं. केवळाबाईला त्या हसणाऱ्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ती खाली बसली. धोकटीतून बारीक दगड काढला, तांब्यातलं पाणी शिंपडलं. पातं हलक्या हातानं, अगदी हलक्या हातानं, उलटंपालटं फिरवत ती दुमडलेली कड काढू लागली. मग पट्टा गुडघ्याखाली दाबला. तिचे हात सफाईनं चालत होते. बघता बघता हशा थांबला, कारण असे हात एका दिवसात तयार होत नाहीत, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

बालाजी तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी बोलला.

"वहिनी, दादानं मलाबी दगडाला हात लावू दिला न्हाई कवा. तू कामून लावतीस?"

ती पट्ट्यावर पातं ओढत राहिली.

"वहिनी."

"सवड न्हाई मिळत त्यांला," ती म्हणाली.

"दादाला सवड न्हाई?" बालाजीनं व्यंकटकडं बघितलं. मग त्यानं एक गोष्ट केली. उठून तो व्यंकटच्या बाजूला गेला, त्यानं हात उचलला आणि व्यंकटच्या तोंडाशेजारी, कानाच्या पुढं, नुसता हलवला. व्यंकटची पापणी हलली नाही. बालाजीचा हात तसाच राहिला. त्यानं हात खाली घेतला आणि कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं बघितलं. तो काही बोलला नसता, केवळाबाईला खात्री होती. तो भावाला उघडा पाडणारा नव्हता.

पण व्यंकटच बोलला.

"चूक तिची न्हाई," तो म्हणाला. "तिची धार चांगली व्हती. म्या सकाळी दगडाला लावली अन् बिगडविली. मला दिसत न्हाई."

"काय दिसत न्हाई?" आबांनी विचारलं.

"धार दिसत न्हाई. तुमी दिसता ते नाकाएवढं. बाजूचं काईच न्हाई. दोन वर्सं झाली."

केवळाबाईनं मान वर केली. समोर उभ्या माणसांपैकी एकाचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडं गेला. मग दुसऱ्याचा. सगळेच आपापली नरडी चाचपू लागले.

"गेल्या साली माझ्या पोराचं जावळ तू काढलास," आदिनाथचा आवाज चढला. "टाळू भरली नव्हती त्याची. त्या टाळूवरनं तू वस्तरा फिरविलास. दिसत नसताना?"

"हातानं दिसतं मला," व्यंकट म्हणाला.

"हातानं? अन् काई झालं असतं म्हंजी?"

"झालं का?" हणमंतआबा म्हणाले. त्यांचा उजवा गाल लाल झाला होता, गळ्यावरचा फेस वाळत आला होता. "लेकराला वरखडा तरी आला व्हता का? मग गप ऱ्हा. दोन वर्सं माझीबी करायलाय तो. मला तरी कुठं कळलं?" ते खुर्चीत मागं रेलले. "केवळाबाई, झाली का धार?"

"झाली आबा."

"दे त्याला. व्यंकट, पुरी कर. अर्धी दाढी घिऊन मी काई घरला जाणार न्हाई."

केवळाबाईला आबांच्या पायाला हात लावावासा वाटला. घरं राहतात की जातात, याचं तिला आता काही वाटत नव्हतं. एक माणूस मान पुढं करत होता, एवढंच तिला दिसत होतं. तिनं वस्तरा व्यंकटच्या हातात दिला. त्यानं पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं, सरकवलं. धार बसली होती. त्याच्या तोंडावरून तिला ते कळलं.

तो आबांच्या बाजूला गेला. हनुवटी वर केली, अंगठा नरड्याशी ठेवला. मग त्यानं अंगठा काढला आणि वस्तरा मिटला.

"न्हाई आबा."

"कामून? मी म्हणतो की कर."

"कालपतूर तुमी मान देत व्हता ती नुसती पडून ऱ्हायची. आता तुमाला ठावं झालंय. आता हलंल ती."

"न्हाई हलायची. मी काय लेकरू हाव?"

"हलंल आबा. तुमचा दोष न्हाई त्याच्यात." व्यंकट वळला. जिथं बालाजी असेल असं त्याला वाटलं तिकडं तोंड करून म्हणाला, "बालाजी, हिकडं भोवरा हाय गळ्याला. खालून वर नको येऊ. कानाच्या पाळीकडनं आडवा घे. कातडी सैल हाय, लई ताण."

बालाजी पुढं आला. त्यानं मशीनमधलं पातं काढलं, नवं बसवायला घेतलं. ते त्याच्या बोटांतून दोनदा निसटलं. धम्मानंद सरांच्या हातात कापसाचा पुंजका होता, तो त्यांनी खिशात घातला. निकाल कुणी विचारला नाही.

हणमंतआबा मात्र हट्टानं मान वर करून तसेच बसले होते. व्यंकट शेजारीच उभा होता, मिटलेला वस्तरा हातात. आबांना काहीतरी म्हणायचं होतं. पण बोलण्याआधी त्यांनी आवंढा गिळला, आणि वाळलेल्या फेसाखाली नरडं सरकन वर गेलं आणि खाली आलं.

व्यंकटला ते दिसलं नाही. केवळाबाईला दिसलं. ती खाली वाकली आणि धोकटी आवरू लागली.